एम, एएमजी, एस लाइन... यात बॅजचे पैसे किती आणि गाडीचे किती?

पार्लेकर७९
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३-सिरीज घ्यायचं डोक्यात आहे. हो माहितीये, पार्ले ते लोअर परळ जायला ३-सिरीज कशाला वगैरे, ते घरात ऐकून झालंय. तर अंधेरीत एक गाडी पाहिली, २०१९ ची ३२०डी, ६२ हजार किमी, एकच मालक. मालक म्हणतोय "एम स्पोर्ट आहे साहेब, म्हणून साध्या गाडीपेक्षा दोन लाख जास्त, २९ च्या खाली देणार नाही". पुढच्या दोन्ही फेंडरवर एमचा बॅज आहे, ग्रिलमधे ते तीन रंगाचे पट्टे आहेत, डिकीवर पण एक छोटा एम. आता मला विचाराल तर एम म्हणजे काहीतरी भारी एवढंच कळतं. शेजारच्या बिल्डिंगमधे एकाची एम३४०आय आहे, ती सकाळी सुरू झाली की आमच्याकडे कपबशा वाजतात. या गाडीने चहासुद्धा ढवळला जाणार नाही एवढी शांत आहे. मग हा एम आणि तो एम एकच का? आणि दोन लाख नेमके कशाचे?

टॉर्क_मामा
पार्लेकर, चांगला प्रश्न आहे आणि शोरूमवाले याचं सरळ उत्तर कधी देत नाहीत, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

बीएमडब्ल्यूचा एम म्हणजे मोटरस्पोर्ट. १९७२ मधे रेसिंगसाठी वेगळी कंपनी काढली, त्यातून १९७८ ला एम१ आली, मग ऐंशीच्या दशकात एम५ आणि एम३. हे झालं मूळ घराणं. आता त्या घराण्याचा वाडा तीन मजली आहे असं समजा. सगळ्यात वरच्या मजल्यावर खऱ्या एम गाड्या: एम३, एम४, एम५. इंजिन, चेसिस, ब्रेक, सगळ्यात एमवाल्यांचा हात. मधल्या मजल्यावर एम परफॉर्मन्स, म्हणजे तुमच्या शेजाऱ्याची एम३४०आय. ३ लिटरचं सहा सिलिंडर सरळ रांगेतलं टर्बो इंजिन, ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, शंभरला ४.४ सेकंद. २०२१ ला आपल्याकडे आली तेव्हा ६२.९० लाख एक्स शोरूम होती आणि चेन्नईत जुळवली जायची, त्यामुळे त्या पैशात तो धुमाकूळच होता. आणि तळमजल्यावर एम स्पोर्ट. तो आहे कपड्यांचा मजला: बंपर, साइड स्कर्ट, जाड स्टिअरिंग, वेगळे अलॉय, काळं रूफलाइनिंग. काही मॉडेलला सस्पेन्शन थोडं कडक असतं, युरोपात ३-सिरीजला ते १० मिमी खाली बसतं, पण इकडे येतंच असं धरून चालू नका, त्या त्या गाडीचं ब्रोशर बघा. इंजिन मात्र तेच, साध्या गाडीतलं.

ओळखायची सोपी खूण सांगतो. एम कुठे बसलाय ते बघा. आकड्याच्या आधी असेल, एम३४०आय, तर मधला मजला. एम आणि पुढे एकच आकडा, एम३, तर वरचा. आणि कंपनीने फक्त फेंडरवर लावून डिकीवर नुसतंच ३३०आय लिहिलं असेल तर तळमजला. तुमच्या गाडीच्या डिकीवर छोटा एम एकटाच आहे म्हणताय, तिथे मला पहिली शंका आली.

गिरगावचा_बंड्या
मामा +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चावीवाला
मामांनी डिकीवर बोट ठेवलं, मी गाडीच्या वर्षावरच ठेवतो. सोळा वर्षं जर्मन गाड्यांच्या गॅरेजात आहे म्हणून सांगतो. ही ३-सिरीज ऑगस्ट २०१९ ला भारतात आली तेव्हा तीनच प्रकार होते. ३२०डी स्पोर्ट, ३२०डी लक्झरी लाइन आणि ३३०आय एम स्पोर्ट. डिझेलमधे एम स्पोर्ट लॉन्चला नव्हतीच! पेट्रोल घेतलं तरच एम स्पोर्ट. मग २०१९ ची डिझेल एम स्पोर्ट तुमच्या मालकाकडे कुठून आली?

माझा अंदाज, ती ३२०डी स्पोर्ट आहे. "स्पोर्ट" आणि "एम स्पोर्ट" हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि यात रोज माणसं फसतात. कधीकधी विकणाऱ्यालाच माहीत नसतं, त्यामुळे लगेच भांडायला जाऊ नका. आरसीवर व्हेरिएंट काय लिहिलंय ते आधी बघा. मग चॅसिस नंबरचे शेवटचे ७ आकडे घ्या, ते टाकून फॅक्टरीतून काय काय बसवून आली त्याची यादी नेटवर फुकट निघते. त्यात ३३७ हा कोड शोधा. ३३७ म्हणजे एम स्पोर्ट पॅकेज. नसेल तर बाकी सगळा ऑपेरा हाऊसच्या अ‍ॅक्सेसरीवाल्यांचा माल.

पार्लेकर७९
बापरे. आरसी बघितली नाही मी, बंपर बघत बसलो. शनिवारी परत जातो.

अजून_एक_ईएमआय
ऑपेरा हाऊसचं नाव निघालं म्हणून कबुलीजबाब देतो, हसू नका.

माझी मर्सिडीजची ए-क्लास आहे, ए२००. छान गाडी, तक्रार काही नाही, १.३ लिटर, १६३ हॉर्सपॉवर. घेतल्यावर दोन महिन्यांत मेव्हण्याने डोक्यात भरवलं की मागे एएमजी, म्हणजे मर्सिडीजच्या वेगवान गाड्यांचा बॅज, लाव, काय कुणाला कळतंय. गेलो ऑपेरा हाऊसला, चांगला जड धातूचा बॅज, मागे डबल टेप, पाचशेच्या आत काम झालं, लावून वर लाडू खाऊन आलो. आठवडाभर मी गाडीपेक्षा गाडीच्या मागे जास्त उभा असायचो. मग सोसायटीत गणपतीच्या मीटिंगला सगळे खाली जमलेले, त्यात पाचव्या मजल्यावरचा मुलगा, दहा वर्षांचा असेल, गाडीला एक चक्कर मारून आला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, "काका, ही ए३५ आहे की ए४५? ए४५ ला चार गोल पाइप असतात, ए३५ ला दोन गोल असतात, तुमचे गोल का नाहीत?"

मी म्हटलं, अरे हे वेगळं मॉडेल आहे. तो म्हणाला, "असं मॉडेल नसतं".

त्याच रात्री हेअर ड्रायर आणि दात साफ करायचा तो धागा असतो ना, तो घेऊन बॅज काढला. आणि आता खरी गंमत, बॅज निघाला पण दोन महिने ऊन खाल्लेलं असल्यामुळे त्याच्याखालचा रंग वेगळा राहिला. तिरप्या उन्हात अजून एएमजी वाचता येतं. भुतासारखं. त्या पोराला पण दिसतं, तो काही बोलत नाही, नुसता बघतो.

गिरगावचा_बंड्या
😂😂😂 "असं मॉडेल नसतं". या पोराला आरटीओत बसवा.

टॉर्क_मामा
ईएमआय शेठ, तुम्ही नकळत मोठाच विनोद केलाय. तुमचं १.३ चं इंजिन रेनॉ आणि मर्सिडीजवाल्यांनी मिळून बनवलेलं आहे, त्याचंच भावंडं आपल्याकडे २०२० च्या डस्टर टर्बोत होतं. म्हणजे तुम्ही डस्टरच्या भावाला एएमजीचा फेटा बांधून मिरवलात. इंजिन वाईट नाही हां, उलट मस्त आहे, पण फेटा दुसऱ्याच्या लग्नातला.

एएमजी काय आहे ते सांगतोच आता, राहवत नाही. १९६७ साली ऑफरेश्ट आणि मेल्शर या दोघांनी सुरू केलं. ए ऑफरेश्टचा, एम मेल्शरचा आणि जी ऑफरेश्ट जिथला, त्या ग्रोसआसपाख गावाचा. म्हणजे आपल्याकडे दोन मित्रांनी मिळून गॅरेज काढावं आणि पाटीवर दोघांची आडनावं आणि गावाचं नाव घालावं तसंच. १९७१ ला त्यांनी एक अवाढव्य लाल ३०० एसईएल, म्हणजे आजच्या एस-क्लासची आजी, स्पा इथल्या २४ तासांच्या रेसमधे उतरवली, लोक हसले, आणि ती दुसरी आली. लाल डुक्कर म्हणतात तिला. या असल्या कामातून ती तीन अक्षरं कमावलेली आहेत. मर्सिडीजची मालकी फार नंतर आली, २००५ पासून पूर्ण.

आजही वरच्या एएमजीत एका इंजिनाला एकच माणूस, पहिल्या बोल्टपासून शेवटपर्यंत, आणि वर त्याच्या सहीची पट्टी. ए४५ एस चं २ लिटरचं इंजिन तसंच, ४२१ हॉर्सपॉवर. पण ए३५ चं तसं नाही, ते कारखान्याच्या लाइनवरचं. म्हणजे एएमजीच्या आत पण मजले आहेतच. आणि एएमजी लाइन म्हणजे पुन्हा कपडे.

मेघना_ठाणे
सगळे बॅजवर बोलताय, कोणी टायरवर बोलत नाहीये. पार्लेकर, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे मुंबईत, नीट वाचा.

स्पोर्ट पॅकेज घेतलं की बहुतेक वेळा रिम मोठी आणि टायर पातळ येतो. हिशोब सोपा आहे. २२५/५० आर १७ टायरची (२२५ मिमी रुंदी, १७ इंची रिम) बाजूची भिंत २२५ च्या ५० टक्के, म्हणजे साधारण ११२ मिमी. २२५/४० आर १९ ची ९० मिमी. म्हणजे रिम आणि खड्डा यांच्या मधलं सव्वादोन सेंटिमीटर रबर तुम्ही दिसण्यासाठी देऊन टाकलं. जर्मनीत चालून जातं ते. आमच्याकडे घोडबंदरला जुलैत पाण्याखाली काय आहे ते देवाला माहीत. मागच्या पावसाळ्यात माझ्या १९ च्या दोन टायरांना फुगा आला आणि एक रिम वाकली, एकाच खड्ड्यात, गाडीत सासूबाई होत्या, त्यांचा उपास मोडला असता इतकी जीभ चावली गेली. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकायचा. रनफ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं चालणारा टायर) असेल तर अजून कडक आणि अजून महाग, आणि वर गाडीत स्टेपनी नाही.

त्यामुळे माझं मत विचाराल तर मुंबईत साधी स्पोर्ट किंवा लक्झरी लाइन, छोटी रिम, जाड टायर, आणि वाचलेल्या पैशात चांगला डिटेलिंगवाला. पाठ वाचेल.

सागरी_रस्ता
मेघना ताई, मान्य, पण मग खरी वेगवान गाडी घेणाऱ्यांनी तरी कुठे जायचं? माझी एम३४०आय आहे. (पार्लेकर, मी तुमचा शेजारी नाही, मी वरळीला राहतो, कपबशा माझ्यामुळे नाही.) रविवारी पहाटे कोस्टल रोडला जातो. लिमिट ८०, बोगद्यात ६०, वर कॅमेरे. म्हणजे पाय दाबला की "वा" म्हणेपर्यंत लिमिट आली, सोडा पाय. अटल सेतूवर १०० आहे, तिथे थोडं मोठं "वा" म्हणता येतं. बाकी आठवडाभर मी आणि माझे ३८७ घोडे हाजीअलीला एका टेम्पोच्या मागे.

तरी पश्चात्ताप नाही. पण एक कबूल करतो, मुंबईत खरी एम आणि एम स्पोर्ट यांच्यातला फरक तुम्हाला वर्षातून चार वेळा कळतो, लोकांना मात्र बॅजचा फरक रोज दिसतो. म्हणून बॅज विकला जातो.

बेस्टचा_पासधारक
३३२ नंबरच्या बसला एम नाही, एएमजी नाही, तरी कुर्ल्याला सगळ्यांच्या पुढे. 🙏

गिरगावचा_बंड्या
सागरी शेठ, "बॅजचा फरक रोज दिसतो" हे खरंय पण कुणाला? आमच्या चाळीत कुणाला एमआय आणि एम मधला फरक माहीत नाही. लोक नुसता पुढचा गोल लोगो बघतात. एम बघणारे म्हणजे तुम्ही, मी, आणि तो पाचव्या मजल्यावरचा पोरगा.

स्लावियावाला
मला एक बोलू द्या, राग मानू नका. बीएमडब्ल्यूची एक्स१ एसड्राइव्ह१८आय एम स्पोर्ट. नाव बघा किती लांब, ट्रेनच्या डब्यावरच्या पाटीएवढं. आत १.५ लिटर, तीन सिलिंडर, १३६ हॉर्सपॉवर. क्रेटा एन लाइन, १.५ टर्बो, १६० पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच). माझी स्लाविया १.५, १५० पीएस. म्हणजे एमचं बिल्ला लावलेल्या गाडीपेक्षा एनचा बिल्ला लावलेली गाडी ताकदवान, आणि एन पण खरा एन नाही, नुसता लाइन! खऱ्या एन गाड्या ह्युंदाई आपल्याकडे विकतच नाही. आणि एन कशाचा माहितीये का, कोरियातलं नामयांग, तिथलं ह्युंदाईचं संशोधन केंद्र, आणि जर्मनीतला नुर्बुर्गरिंग रेस ट्रॅक. तिथपासून एन निघाला तो कांदिवलीत क्रेटावर येऊन बसला.

टॉर्क_मामा
स्लावियावाले, आकडे बरोबर आहेत पण एक्स१ घेणारा पिकअपसाठी घेत नाही, त्यामुळे तुलना जरा अन्यायाची. आणि एन लाइनला किमान सस्पेन्शन आणि सायलेन्सर वेगळा ट्यून केलाय, नुसते लाल दोरे नाहीत. "लाइन" शब्द आला की समजायचं कपडे, हा नियम तसा सगळीकडे लागू. ऑडीत एस लाइन म्हणजे कपडे, एस म्हणजे मधला मजला, आरएस म्हणजे वरचा. आरएस म्हणजे रेनस्पोर्ट, रेसिंग. पहिली आरएस २ ही १९९४ ची, ती तर पोर्शेबरोबर मिळून बनवलेली स्टेशन वॅगन, म्हणजे भाजी आणायची गाडी! फोक्सवागनने पण आपल्याकडे तेच केलंय, व्हर्टसमधे जीटी म्हटलं की १.५ चं इंजिन असायचं, मग २०२४ ला जीटी लाइन आली ती १ लिटरची. फसवलं असं नाही म्हणता येत, नावात लाइन लिहिलेलं आहे, पण गडबडीत वाचणाऱ्याला फक्त जीटी दिसतं.

आणि आकड्यांवर पण विसंबू नका. ३३०आय मधला ३० म्हणजे ३ लिटर नाही, इंजिन २ लिटर आहे, २५८ हॉर्सपॉवर. मर्सिडीजच्या सी६३ चा ६३ मूळचा ६.२ लिटरच्या आठ सिलिंडर व्ही८ चा, २०२२ ला आलेल्या सी६३ मधे २ लिटर चार सिलिंडर आणि इलेक्ट्रिक मोटर, मिळून ६८० हॉर्सपॉवर. ताकद वाढली, आकडा तोच, इंजिन एक तृतीयांश. ऑडीने तर २०१७ पासून ४० टीएफएसआय, ४५ टीएफएसआय असे आकडे सुरू केले, ते लिटर पण नाहीत आणि हॉर्सपॉवर पण नाहीत, किलोवॉटचे पट्टे आहेत. १२५ ते १५० किलोवॉट म्हणजे ४०. का, ते विचारू नका.

अवांतर: जर्मनीत डिकीवरचा आकडा नको असेल तर बीएमडब्ल्यू फॅक्टरीतूनच काढून देते, फुकट. तिथे मोठी इंजिनवाले लपवतात आणि इथे छोटी इंजिनवाले चिकटवतात.

मेघना_ठाणे
मामा, तुमची अवांतरं धाग्यापेक्षा मोठी असतात.

वकील_नाही_पण
कुणीतरी विचारायच्या आधी सांगतो, बॅज लावणं बेकायदा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे ते गाडीत असा बदल करण्याबद्दल, ज्यामुळे आरसीवरची माहिती आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन जुळणार नाही. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलं. चिकटवलेला एम त्यात बसत नाही. विम्यात मात्र लक्ष ठेवा. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, आरसीवरच्या व्हेरिएंटची निघते, मालक काय म्हणतो त्याची नाही. बाहेरून बसवलेलं बॉडी किट पॉलिसीत अ‍ॅक्सेसरीज म्हणून दाखवलेलं नसेल तर क्लेमला हात वर होतात. थर्ड पार्टीला फरक नाही, १५०० सीसीच्या वर सगळ्यांना एकच दर, तुमची ३२०डी असो की एम५.

पार्लेकर७९
जाऊन आलो शनिवारी. अपडेट देतो.

चावीवाले, तुमचे पाय कुठे आहेत. आरसीवर स्वच्छ "३२०डी स्पोर्ट". चॅसिस नंबर टाकला, यादी आली, ३३७ नाही. मालकाला मोबाइल दाखवला तर तो बिचारा खरंच गोंधळला, "स्पोर्ट लिहिलंय ना, तेच एम स्पोर्ट" म्हणाला. मग आतून मुलाला बोलावलं, कॉलेजात आहे, तो खाली मान घालून म्हणाला, पप्पा ते मीच लावलेत लॉकडाऊनमधे, ऑनलाइन मागवून, ग्रिलचे पट्टे पण. बापाने त्याच्याकडे असं बघितलं की मलाच वाईट वाटलं. पाच वर्षं तो माणूस ऑफिसात एम स्पोर्ट सांगत होता.

मी म्हटलं काका, गाडी छान आहे, १९० हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर मला उरून पुरेल, १७ ची रिम आहे ते तर मला हवंच आहे (मेघना ताई!), फक्त ते दोन लाख काढून टाका. चहा आला, पोहे आले, दोन लाखाचे दीड झाले, मग अजून एकदा चहा आला. २७.१० ला ठरलं. चावीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे गॅरेजमधे वर उचलून बघून घेतली, सस्पेन्शनचे बुश बदलावे लागतील म्हणाले, बाकी ठीक.

चावीवाला
छान झालं. बुश वेळेत करा, पावसाच्या आधी. आणि ते पट्टे ग्रिलमधे नुसते क्लिपचे असतात, हाताने निघतात. फेंडरचे बॅज गरम करून काढा, ईएमआय शेठसारखं भूत राहू देऊ नका, पॉलिश मारून घ्या लगेच.

अजून_एक_ईएमआय
पॉलिश मारलं तरी राहतं. विचारा मला.

सागरी_रस्ता
अभिनंदन पार्लेकर! रविवारी पहाटे या, कोस्टल रोडला, ८० ने दोघं सारखेच.

पार्लेकर७९
शेवटचा अपडेट, तीन आठवड्यांनी. गाडी आली, पेढे झाले. पहिल्याच रविवारी तिन्ही एम काढले, पॉलिश मारलं, ईएमआय शेठ बरोबर होते, फेंडरवर सकाळच्या उन्हात एम दिसतो पुसट. जाऊ दे. बॅज टाकले कचऱ्यात आणि झोपलो.

आमच्याकडे सकाळी पाच वाजता गाड्या धुणारा येतो, जुना माणूस, बारा वर्षं बिल्डिंगमधे आहे. सोमवारी खाली आलो तर तो हसत उभा. म्हणाला, "साब, आपके गाडी का तीनों नाम गिर गया था, कचरे में मिला, मैंने लगा दिया." फेविक्विकने. डावीकडचा एम उलटा लावलाय, म्हणजे आता तो डब्ल्यू आहे.